मशीन कुणाचे, कर्ज कुणाचे?

यंत्रमागाच्या एका गावात आमचे अधूनमधून जाणे होते. तेथील एका मोहल्ल्यात एक खाला परकर आणि मॅक्सी शिवतात. आधी भाड्याच्या मशीनवर शिवत होत्या, पुढे स्वतःचे ओव्हरलॉक मशीन आले, दोन मुली हाताखाली आल्या आणि बाजारातील तीन दुकानदार त्यांचा माल घेऊ लागले. मशीनसाठी जे कर्ज काढले ते शौहरच्या नावावर होते. कारण साधे होते. पतसंस्थेने घराचा कागद मागितला, लाइट बिल मागितले, आणि यांपैकी काहीही खालांच्या नावावर नव्हते. शौहरची सुट्या भागांची टपरी होती. ती बुडाली, तिचेही हप्ते थकले आणि पतसंस्थेची माणसे मशीन उचलून घेऊन गेली. खाला म्हणाल्या, "बेटा, मशीनचा एकही हप्ता मी चुकवला नव्हता." ते खरे होते. परंतु पतसंस्थेच्या वहीत खाला नव्हत्याच. तेथे फक्त त्यांच्या शौहरचे खाते होते आणि ते बुडीत होते.

या घटनेपासून सुरुवात करण्याचे कारण असे की, स्त्रियांना उद्योगासाठी कर्ज मिळाले पाहिजे हे वाक्य आता सगळेच बोलतात. मंत्री बोलतात, बँकेचे व्यवस्थापक बोलतात. परंतु कर्ज मिळणे आणि ते तिचे असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या घरात हा फरक रोज पाहावयास मिळतो. मालेगाव-भिवंडीत कांड्या भरणारी, मुंबईत मालाडपासून गोवंडीपर्यंत जरीकाम करणारी, सोलापुरात विड्या वळणारी स्त्री ही आपल्या धंद्याचाच एक भाग आहे. खतावणीत मात्र तिचे नाव क्वचितच सापडते.

गरीब, पण संख्येने पुष्कळ

या विषयाचा हिंदुस्थानातील पहिला मोठा धडा अहमदाबादचा आहे. १९६९ साली १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि गरिबांना कर्ज द्या असे बँकांना सांगण्यात आले. १९७२ साली इला भट्ट यांनी 'सेवा' ही स्वतःच्या हातावर पोट असलेल्या स्त्रियांची संघटना उभी केली होती. हातगाडी ओढणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, जुने कपडे भांड्यांवर घेऊन ते दुरुस्त करून विकणाऱ्या, अशा या बाया. संघटनेने त्यांचे अर्ज भरून राष्ट्रीयीकृत बँकांत नेण्यास सुरुवात केली. कर्जे मंजूर झाली, परंतु व्यवहार जमेना. बाई कडेवर पोर घेऊन, धंद्याच्या कपड्यांत, दुपारी भलत्याच वेळी यायची. कारकुनाला ते आवडत नसे. काउंटर बंद झालेला असे. ती परत जाई आणि हप्त्याचे पैसे वाटेत खर्च होत. कर्ज बुडविण्याची इच्छा नव्हती. बँकेचे घड्याळ आणि बाईचे घड्याळ जुळत नव्हते, इतकेच.

तेव्हा या बायांच्याच सभेत एकीने विचारले की, आपली स्वतःची बँक का नसावी? आपण गरीब आहोत, पण संख्येने कमी थोड्याच आहोत! चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपयांचा भाग घेतला आणि १९७४ साली श्री महिला सेवा सहकारी बँक नोंदली गेली. नोंदणीच्या वेळी सरकारी अधिकाऱ्यांना प्रश्न पडला की, ज्यांना सही येत नाही त्यांची बँक कशी चालणार? प्रवर्तक म्हणून ज्यांची नावे होती त्या बायांनी रात्रभर बसून आपले नाव लिहिण्याचा सराव केला आणि कागदावर सह्या केल्या. खातेदार ओळखायची कशी, हा पुढचा प्रश्न होता. त्यावर तोड निघाली ती छायाचित्राची. बाई हातात पाटी धरून उभी, पाटीवर तिचा खाते क्रमांक, आणि तो फोटो पासबुकावर. आज आधार कार्डाच्या काळात यात काही विशेष वाटणार नाही. त्या काळी अडाणी बाईला बँकेत उभे करण्याचा हा मार्ग कुणाला सुचला नव्हता.

या बँकेने प्रथम कर्ज दिले नाही, आधी बचत मागितली. रोजची दोन-पाच रुपयांची बचत घरी जाऊन गोळा केली. जी बाई सहा महिने, वर्षभर नियमाने भरते, तिच्या धंद्यात किती पैसा फिरतो हे बँकेला तारणाशिवाय कळते. हा मुद्दा आमच्या व्यापारी वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आपणही नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी उधार देत नाही, त्याचा हात पाहूनच देतो. बँकेने नेमके तेच केले.

अहमदाबादच्याच दरियापूर भागातील गोष्ट तर आपल्या जिव्हाळ्याची आहे. तेथील मुस्लिम स्त्रिया गिरण्यांतील चिंध्या जोडून रजईच्या खोळी शिवत. चिंधी व्यापारी द्यायचा, खोळ व्यापारीच घ्यायचा, दर तोच ठरवायचा. अनेकींच्या घरातील मशीनसुद्धा भाड्याचे. संघटित होऊन त्यांनी मजुरी वाढवून मागितली, तेव्हा काहींना काम मिळेनासे झाले, काहींच्या वाट्याला शिवताच येणार नाही अशी बारीक सडकी चिंधी येऊ लागली. मग संघटनेच्या मदतीने त्यांनी थेट गिरणीतून चिंधी उचलण्यास सुरुवात केली आणि पुढे 'सबीना' नावाची त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. येथे लक्षात घ्यावे ते हे की, शिवणकाम त्यांना आधीही येतच होते, बाजारही होता. कमी होते ते कच्चा माल रोखीने उचलण्याइतके भांडवल. ते हातात येईपर्यंत त्या कारागीर असूनही मजूरच होत्या.

व्यापाऱ्यांची बाजूही येथे सांगितली पाहिजे, नाहीतर हे पान एकांगी होईल. चिंधी देणारा व्यापारी स्वतःचे भांडवल महिना-दीड महिना अडकवतो, माल पडून राहिला तर नुकसान सोसतो. तो काही धर्मादाय नव्हे. परंतु कच्चा माल, कर्ज आणि खरेदी या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात आल्या की समोरच्या माणसाला भाव करता येत नाही. उचल घेतलेला मजूर दुसऱ्याकडे जाऊ शकत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येक जण जाणतो.

थोडा हिशेब

भांडवल नसण्याची किंमत किती असते ती आकड्यांत मांडून पाहू. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे घालून पाहावेत.

समजा, शिलाई मशीन ९,००० रुपयांचे आहे आणि भाड्याने घेतल्यास महिना ४०० रुपये पडतात. तेविसाव्या महिन्याला भाड्यापोटी ९,२०० रुपये गेलेले असतात. मशीनची किंमत चुकती झाली, पण मशीन मालकाचेच. हेच ९,००० रुपये बारा हप्त्यांत फेडायचे तर महिना ७५० रुपये. म्हणजे वर्षभर दरमहा ३५० रुपयांची जास्त ओढाताण, आणि तेराव्या महिन्यापासून ४०० रुपये घरात.

दुसरे उदाहरण भाजीवालीचे. सकाळी ५०० रुपये घ्यायचे आणि संध्याकाळी ५५० परत करायचे, ही पद्धत आपल्या शहरांतून सर्रास चालते. बाईला वाटते, पन्नास तर जातात! महिन्यातून २५ दिवस धंदा केला तर १,२५० रुपये गेले, वर्षाला १५,०००. भांडवल मात्र वर्षाच्या अखेरीस होते तिथेच, म्हणजे शून्यावर. एकदा कुणी तिला ५०० रुपये कायमचे फिरवायला दिले, तर हे पंधरा हजार तिच्या घरात राहतील.

तिसरी गोष्ट फसवणुकीची म्हणता येणार नाही, पण तशीच आहे. कर्ज देणाऱ्या अनेक कंपन्यांचे लोक 'फ्लॅट' दर सांगतात. १२,००० रुपयांचे कर्ज, वर्षाला १२ टक्के फ्लॅट, म्हणजे १,४४० रुपये व्याज आणि महिना १,१२० रुपयांचा हप्ता. ऐकताना १२ टक्के वाटते. परंतु दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल फिटत असते. पहिल्या महिन्यात १२,००० वापरायला असतात, शेवटच्या महिन्यात फक्त १,०००. सरासरी काढली तर वर्षभर तिच्याकडे ६,५०० रुपयेच होते. त्यावर १,४४० म्हणजे जवळजवळ २२ टक्के झाले. सही करण्यापूर्वी 'घटत्या शिलकीवर किती टक्के?' एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ उलगडा होतो. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेचा हिशेब उलट्या बाजूने मांडला जातो. तिचा २० टक्के दर घटत्या शिलकीवर असल्याने १,००० टका कर्जावर वर्षभरात साधारण १०० टकाच व्याज पडते.

जोब्रा गावापासून नोबेलपर्यंत, आणि पुढे

ग्रामीण बँकेचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द. १९७६ साली चितगावजवळच्या जोब्रा गावात विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी बांबूची मोढी विणणाऱ्या स्त्रीची हकीकत ऐकली. बांबू व्यापाऱ्याकडून उधार घ्यायचा, मोढा त्यालाच विकायचा आणि दिवसाअखेर हातात काही पैसेच उरायचे. अशा ४२ जणांची यादी निघाली, आणि सर्वांचे मिळून कर्ज होते २७ डॉलर. प्राध्यापकांनी ते खिशातून दिले. १९८३ साली या प्रयोगाची स्वतंत्र बँक झाली, २००६ साली बँकेला व युनूस यांना शांततेचे नोबेल मिळाले. तिचे ९५ टक्क्यांहून अधिक कर्जदार स्त्रिया आहेत.

येथपर्यंतची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पुढची कमी लोकांना ठाऊक असते. १९९६ साली बांगलादेशातील एका अभ्यासात असे आढळले की, स्त्रियांच्या नावे दिलेल्या कर्जांपैकी जेमतेम ३७ टक्के कर्जांवरच त्यांचा पूर्ण किंवा पुरेसा ताबा होता. बाकीचा पैसा कमी-अधिक प्रमाणात घरातील पुरुषांच्या हाती गेला होता. हप्ता मात्र बाईनेच भरायचा. आमच्या खालांच्या बरोबर उलटी ही स्थिती. तेथे मशीन बाईचे आणि कर्ज शौहरचे होते, येथे कर्ज बाईचे आणि धंदा शौहरचा. दोन्हीकडे बाईचा धंदा जागच्या जागी राहतो.

हैदराबादच्या १०४ वस्त्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यासही डोळे उघडणारा आहे. निम्म्या वस्त्यांत लहान कर्जे देणाऱ्या संस्थेची शाखा आधी उघडली, निम्म्यांत नंतर. कुठे आधी उघडायची ते सोडतीने ठरले. निष्कर्ष असा की, ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी तो वाढविला, काहींनी टिकाऊ वस्तू घेतल्या, चैनीचा खर्च थोडा आटला. परंतु सरासरी कुटुंबाचा एकूण खर्च, मुलांचे शिक्षण किंवा घरातील स्त्रीचा अधिकार यांत फारसा फरक दिसला नाही. याच दोघांना पुढे मायकेल क्रेमर यांच्यासमवेत २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हा अभ्यास पुढे करून काही मंडळी म्हणतात की बायकांना कर्ज देण्यात अर्थ नाही. आम्हाला हा निष्कर्ष उतावळा वाटतो.

कारण त्यानंतर २०१९ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हिंदुस्थान, श्रीलंका आणि घाना या तीन देशांतील आकडे पुन्हा तपासले गेले. आधीच्या पाहण्यांत असे दिसत होते की पुरुषाच्या धंद्यात भांडवल घातले तर नफा वाढतो, बाईच्या धंद्यात घातले तर वाढत नाही. तपासाअंती आढळले की, ज्या घरात नवऱ्याचाही धंदा होता तेथे बाईच्या नावे आलेला पैसा नवऱ्याच्या धंद्यात गेला होता. जेथे घरात एकट्या बाईचाच धंदा होता, तेथे तिचा नफा पुरुषाइतकाच वाढलेला होता. म्हणजे बाई धंद्यात कमी पडत नव्हती, तिच्या धंद्यापर्यंत पैसाच पोहोचत नव्हता.

कोलकात्यातील एक प्रयोग आमच्या कारागीर वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा. तेथे काही स्त्रियांचे हप्ते नेहमीप्रमाणे कर्ज मिळाल्यावर दोन आठवड्यांनी सुरू झाले, काहींना दोन महिन्यांची सवड मिळाली. सवड मिळालेल्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि तीन वर्षांनंतर त्यांचा नफाही अधिक होता. त्यांच्यात कर्ज थकविणाऱ्याही जास्त निघाल्या, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु मुद्दा पटण्यासारखा आहे. जिला पंधराव्या दिवशी हप्ता भरायचा आहे ती मशीन घेणारच नाही, ती आजचा आज विकला जाईल असाच माल घेईल. मशीनवर हात बसायला, गिऱ्हाईक जुळायला दोन महिने लागतात.

सवड न देता हप्त्यासाठी तगादा लावला म्हणजे काय होते, ते २०१० साली आंध्र प्रदेशात दिसले. एकेका बाईला चार-चार कंपन्यांनी कर्जे दिली, एकीचे फेडायला दुसरीचे घेतले गेले, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला.

कागद कुठे अडतो

आता आपल्याकडे वळू. बाई कर्ज मागायला जाते तेव्हा पहिला प्रश्न तारणाचा येतो. आमच्या मते आपल्या समाजापुरता या प्रश्नाचा मोठा भाग बँकेत नसून घरातच आहे. मेहर ही स्त्रीची स्वतःची मालमत्ता आहे, त्यावर शौहरचा वा सासऱ्याचा हक्क नाही. वालिदांच्या मिळकतीत मुलीचा वाटा कुरआनने ठरवून दिलेला आहे. हे दोन्ही खरोखर तिच्या हातात पडले असते तर मोहल्ल्यातील कितीतरी स्त्रियांना भांडवलासाठी कुणाच्या दारात जावे लागले नसते. प्रत्यक्षात काय होते? मेहर निकाहनाम्यावर राहतो. आणि वालिद गेल्यावर भाऊ तलाठी कार्यालयात घेऊन जातात, बहीण हक्कसोड पत्रावर सही करते, कारण 'माहेर तुटू नये'. जे भाऊ व्यासपीठावर समाजाच्या आर्थिक मागासलेपणावर बोलतात त्यांच्यापैकी कितींच्या सातबाऱ्यावर बहिणीचे नाव आहे?

बँकेकडील अडचणही खोटी नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये न्या. राजिंदर सच्चर समितीने अहवाल दिला. काही बँका विशिष्ट वस्त्यांना 'नकारात्मक क्षेत्र' मानून तेथे सहज कर्ज देत नाहीत, असे त्यात नमूद आहे, आणि मुस्लिम स्त्रिया मोठ्या प्रमाणात घरबसल्या कामांत गुंतलेल्या आहेत, हेही. पत्ता ऐकून मान हलविणारा अधिकारी पुष्कळांना भेटला असेल. आम्हालाही भेटला आहे.

परंतु अडचण ओलांडता येते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड हे माण तालुक्यातील दुष्काळी गाव. तेथे चेतना गाला सिन्हा यांनी स्त्रियांची सहकारी बँक काढायचे ठरविले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण अर्जावर अंगठे होते. बाया परत गेल्या, लिहायला-वाचायला शिकल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला आल्या. अधिकाऱ्यांना त्यांनी सांगितले की, आम्हाला कुठल्याही रकमेवरचे व्याज तोंडी विचारा, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय तेच विचारा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. याही आधी मुंबईत प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळामार्फत गिरणगावातील खानावळवाल्या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जे मिळवून दिली होती. या बायांचा सगळा नफा वाण्याच्या उधारीत जात असे. आणि १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्या 'लिज्जत'चे नाव आता घराघरात आहे.

व्याजाचा प्रश्न

वाचकहो, येथवर वाचून आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न आला असेल. वर सांगितलेल्या जवळजवळ सर्व संस्था व्याज घेतात. ज्यांना ते मान्य नाही त्यांनी काय करावे?

देवबंदच्या मुस्लिम फंडाने फार पूर्वीपासून दागिने ठेवून बिनव्याजी कर्ज देण्याची पद्धत चालविली आहे. लोक ठेवी ठेवतात, त्यावर परतावा मागत नाहीत, त्यातून कर्जे दिली जातात. लाहोरमध्ये २००१ साली डॉ. अमजद साकिब यांनी 'अखुवत' सुरू केली. पहिले कर्ज १०,००० रुपयांचे होते, एका विधवा स्त्रीला कर्जे हसना म्हणून दिलेले. तिने ते फेडले आणि तोच पैसा दुसऱ्याला गेला. कर्जाचे वाटप मशिदीत होते, त्यामुळे कचेरीचे भाडे नाही. कर्जदाराला जामीनदार आपल्याच मोहल्ल्यातून द्यावे लागतात. खर्च देणग्यांतून भागतो. २०२१ साली डॉ. साकिब यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशा पद्धतीत खर्च कुठून भागतो हा कळीचा प्रश्न आहे. व्याज नाही म्हणजे खर्चच नाही असे नव्हे. कारकुनाला पगार लागतोच, बुडीत कर्ज कुणीतरी सोसावेच लागते. आपल्याकडील काही बिनव्याजी पतसंस्था याच कारणाने बंद पडल्या, हे आपण पाहिले आहे.

येथेच एक सावधगिरीची सूचना. बिनव्याजी कर्ज देणारी संस्था आणि 'हलाल नफा' देतो म्हणून ठेवी गोळा करणारी कंपनी या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. २०१९ साली बंगळूरमध्ये अशी एक कंपनी कोसळली आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी, त्यात कित्येक स्त्रियांचे दागिने विकून आलेले पैसे, अडकून पडले.

जमातीच्या पातळीवर एखादा छोटा फंड उभा करणे अवघड नाही. दरियापूरच्या अनुभवावरून आम्हाला असे वाटते की, रोख रक्कम वाटण्यापेक्षा मशीन किंवा कच्चा माल घेऊन द्यावा, पावती बाईच्या नावाची घ्यावी, आणि पहिला हप्ता दोन महिन्यांनी सुरू करावा.

कचेरीत जाण्यापूर्वी

ज्या भगिनी बँकेकडून कर्ज घेऊ इच्छितात त्यांच्यासाठी काही गोष्टी. मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. तिच्यात ५०,००० रुपयांपर्यंत 'शिशु', त्यापुढे ५ लाखांपर्यंत 'किशोर' आणि १० लाखांपर्यंत 'तरुण' अशा पायऱ्या ठरल्या. तारण लागत नाही. या योजनेच्या खात्यांपैकी निम्म्याहून बरीच जास्त खाती स्त्रियांची आहेत, परंतु त्यांतील फार मोठा हिस्सा लहान रकमांचा आहे. ५०,००० रुपयांत एक मशीन येते, कारखाना होत नाही. म्हणून पहिले कर्ज फेडल्यावर थांबू नये, पुढची पायरी मागावी. छोट्या उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, हे रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच बजावले आहे. व्यवस्थापक ते विसरला असेल तर आठवण करून द्यावी. अर्जाची पोच घ्यावी आणि नकार मिळाल्यास कारण लेखी मागावे. लेखी मागितले की पुष्कळदा नकाराचा विचार पुन्हा होतो.

जुलै २०२० पासून 'उद्यम' नोंदणी आहे, ती विनामूल्य आहे. दलालाला पैसे देऊ नयेत. जीएसटी नसलेल्या अगदी लहान धंद्यांसाठी २०२३ पासून 'उद्यम असिस्ट'ची सोय झाली. बाईच्या नावे स्वतंत्र खाते असावे आणि विक्रीचे पैसे, मग ते दोनशे का असेनात, त्याच खात्यात यावेत. शौहरच्या कर्जाला सहकर्जदार वा जामीनदार म्हणून सही करताना विचार करावा. ते थकले तर तिच्याही नावावर डाग लागतो आणि पुढे तिला कर्ज मिळत नाही. बचत गटाचा मार्गही आहे. १९९२ साली नाबार्डने ५०० गटांपासून बँकेशी जोडणीचा प्रयोग सुरू केला होता. महाराष्ट्रात माविमचे गट गावोगावी आहेत. अल्पसंख्याकांसाठी २००० साली स्थापन झालेले मौलाना आझाद महामंडळ आहे, त्याच्या जिल्हा कार्यालयात चालू योजनांची चौकशी करावी.

आणि व्यापारी बांधवांना एक विनंती. जी बाई आपल्याकडे माल देते तिची मजुरी तिच्या खात्यात भरा, आणि दर महिन्याला सही-शिक्क्यानिशी एक चिठ्ठी द्या. किती नग आले, किती रुपये दिले, एवढेच. वर्षाच्या बारा चिठ्ठ्या तिने बँकेत ठेवल्या तर तोच तिच्या धंद्याचा पुरावा होतो. आपला खर्च एका कागदाचा. शिवाय जिच्याजवळ स्वतःचे भांडवल आहे ती माल वेळेवर देते, उचल मागत नाही, आणि आपला अडकलेला पैसा मोकळा होतो.

खालांचे काय झाले ते सांगायचे राहिले. मशीन गेल्यावर त्या पुन्हा भाड्याच्या मशीनवर बसल्या. तीन दुकानदारांपैकी एकाने आपल्या वहीतून मागील दोन वर्षांचा माल उतरवून लेटरहेडवर लिहून दिला. त्यावर 'शिशु' कर्जाचा अर्ज गेला आहे. दुसऱ्या मशीनची पावती त्यांनी आताच सांगून ठेवली आहे, दुकानदाराने नाव काय लिहायचे ते.